अंगठा परत द्या

ग्रामपंचायतीत दोन गोष्टी साचत जातात. कपाटात ठरावांची रजिस्टरं आणि शिपायाच्या डोक्यात किस्से. रजिस्टरांना वाळवी लागते. किश्श्यांना लागत नाही. उलट पावसाळ्यातल्या दारासारखे ते दरवर्षी जरा फुगतातच. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात जन्मभर पंचायतीचा शिपाई होतो. नाव ज्ञानदेव, गाव तात्या म्हणतं, शाळा शून्य. अक्षरं शिकलो ती पन्नाशीनंतर, पंचायतीच्या नोटीस बोर्डावरून. सबब माझ्या लिहिण्यात 'सबब' हा शब्द जरा जास्त येतो, तेवढं चालवून घ्या.

परवा सांगलीहून, विश्रामबागच्या कॉलेजातली एक पोरगी फॉर्म घेऊन आली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचे फॉर्म भरून झाले आणि साकवावरनं स्कूटी घालून थेट माझ्या दारात.

"आजोबा, लोकशाहीच्या राजकारणातून खरंच बदल घडतो का? पाच पर्याय आहेत. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत."

मी म्हटलं, "बाळ, ह्यात सहावा न्हाई व्हय? 'सांगता येतंय, पण येळ लागंल' असा?"

ती हसली. तिला वेळ नव्हता. तुम्हाला असेल तर बसा. ज्या साकवावरनं, म्हणजे ज्या लहानशा पुलावरनं, ती चाकं न भिजवता आली, त्याचेच हे किस्से आहेत.

* * *

ग्रामसभेचा नियम असा, की शंभर माणसं जमली तरच सभा. नाही जमली तर सभा तहकूब, म्हणजे पुढं ढकलायची. आणि ढकललेल्या सभेला मात्र माणसांची अट नाही. चारजण आले तरी सगळे ठराव पास. हा नियम ज्यानं काढला त्यानं आमचं गाव आधी बघितलेलं असणार.

आमचे सरपंच आबा. मनानं वाईट नाहीत, पण खुर्चीशी अशी जवळीक की खुर्ची दुरुस्तीला न्यायची म्हटली तरी यांना कणकण यायची. गर्दी त्यांना आवडायची, ती प्रचाराच्या सभेला. ग्रामसभेला गर्दी झाली तर लोक प्रश्न विचारतात. सबब आबांचा जीव तहकूब सभेवर.

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणजे अगदी टापटिपीचा माणूस. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेचा वृत्तांत ते चौदालाच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवत: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब.' आणि मी गळ्यात भोंगा अडकवून गावभर पुकारत फिरायचो, "पंधरा तारखेला ग्रामसभा हाय, आणि बावीस तारखेला तहकूब सभा हाय हो."

एकदा पारावर सुभेदारांनी मला अडवलं. सुभेदार म्हणजे फौजेतनं रिटायर होऊन आलेले, निम्मं हिंदी बोलणारे.

"तात्या, लग्नाच्या पत्रिकेतच काडीमोडाची तारीख छापता व्हय?"

मला ते पटलं. मी जाऊन भाऊसाहेबांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तात्या, तेवढाच लोकांचा हेलपाटा वाचतो."

* * *

सभा झाली की रजिस्टर आणि शाईचा पॅड घेऊन मी घरोघर जायचो. सभेला हजर असल्याचा अंगठा घ्यायला. माणूस सभेला आला नाही तरी अंगठा यायचा.

ओढ्यापलीकडं गावातल्या बौद्ध समाजाची वस्ती. तीस-चाळीस घरं, एक विहार, आणि सगळ्यात कडेला गौरामावशीचं घर. ओढा येरळा नदीला मिळतो. उन्हाळ्यात त्यात शेरडं बसतात, पण पावसाळ्यात कंबरेएवढं पाणी. मावशीची नात प्रज्ञा अलीकडच्या शाळेत. पाऊस लागला की तिची शाळा बंद. मास्तरांनी एकदा कडक पत्र लिहिलं, 'मुलगी सतत गैरहजर असते, कारण कळवावे', आणि पोचवायला माझ्याकडं दिलं. ओढ्याला पाणी होतं. सबब पत्रही महिनाभर गैरहजर राहिलं.

वस्तीची मागणी एकच, ओढ्यावर साकव. तो ठराव दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी मावशी त्यावर अंगठा द्यायची. तिच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी चीर होती. कागदावर तो मधनं आडवी भेग पडलेल्या बियासारखा उमटायचा. "ह्यो बघा माझा," म्हणायची, "हजारात वळखीन."

एका पावसाळ्यात मी पाण्यात उतरलो. धोतर खोचलेलं, रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर. मधोमध पाय घसरला. मी वाचलो, रजिस्टरही वाचलं, पण वरची दोन पानं धुऊन निघाली. नेमका साकवाचा ठराव.

मी निथळत पंचायतीत आलो. भाऊसाहेबांनी पान उजेडाला धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"तात्या," म्हणाले, "बांधायच्या आधीच वाहून गेलेला पूल मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय."

त्यानंतर ओढ्याला पाणी असलं की मी अंगठ्याचं काय करायचो, ते पुढं येईलच. आत्ताच सांगायला धीर होत नाही.

* * *

साकवाचं भूमिपूजन मात्र दोनदा झालं. दोन निवडणुका, दोन साहेब. दोघांनीही नारळ अलीकडच्या काठावर फोडला, कारण पलीकडं जायचं तर पाय भिजतात. दुसऱ्या साहेबांनी तर चांगली काळ्या दगडाची कोनशिलाच बसवली. वर नाव कोरलेलं, खाली 'यांच्या शुभहस्ते'.

पलीकडच्या काठावरनं मावशी ओरडली, "सायेब, पूल कवा?"

साहेबांच्या माणसानं उत्तर दिलं, "मावशी, आचारसंहिता उठली की लगेच."

आचारसंहिता उठली. मग कळलं, जिल्हा परिषदेची लागली. ती उठली तर आणखी कसली तरी लागली. मी दरवेळी निरोप पोचवायचो. शेवटी मावशी वैतागून म्हणाली, "तात्या, ही आचारसंहिता कुणाच्या घरची सून हाय वो? कवा बसती, कवा उठती, आनि हिच्यापायी गावाचं समदं काम अडतंय."

कोनशिला तिथंच राहिली. दगड सपाट, काठ जवळ. गावातल्या बायका तिच्यावर धुणं धुवायला लागल्या. सुभेदार म्हणायचे, "सायेबांचं नाव एवढं रोजच्या रोज धुऊन निघतंय, असं दिल्लीत बी कुणाचं निघत न्हाई."

* * *

मग सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. आबांना आठवडाभर जेवण गेलं नाही. आठव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला बायको आहे.

सुमनवहिनी बिनविरोध आल्या. खुर्चीवर मात्र आबाच. पंचायतीच्या भिंतीवर 'आबासाहेब, सरपंच' असं रंगवलेलं होतं. आबांनी पेंटरला फोनवर सांगितलं, "आता बाई हाय. नावाआधी सौ. घालायचं आनि बाकीचं तू बघ." पेंटर तसा सांगकाम्या माणूस. त्यानं नावाआधी सौ. घातलं आणि बाकीचं बघितलं नाही.

दोन दिवस भिंतीवर ठळक निळ्या अक्षरात होतं: 'सौ. आबासाहेब, सरपंच.'

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. लोक येतात, भिंत बघतात, गप्प होऊन परत जातात, एवढंच दिसायचं. मला वाटलं, बाईमाणसाचा मान ठेवतात. तिसऱ्या दिवशी सुभेदार आले, भिंतीपुढं टाचा जुळवून उभे राहिले आणि कडक सॅल्यूट ठोकला. आबांनी खिडकीतनं विचारलं, "कुणाला रं सलाम?"

"आपल्यालाच, मेमसाब."

* * *

वहिनींच्या सह्या आणायला मी रजिस्टर त्यांच्या घरी न्यायचो. त्या भाकरी थापता थापता हात पुसून सही करायच्या. दहावी झालेल्या होत्या, पण लग्नानंतर हातात पेन आलं ते एकदम सरपंच म्हणूनच.

एके दिवशी म्हणाल्या, "तात्या, हे काय लिवलंय ते वाचा बघू."

"वहिनी, मला कुठं वाचाय येतंय?"

"मग मलाच वाचाय पायजे."

त्यांनी रजिस्टर ठेवून घेतलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आबांनी मागितलं तर म्हणाल्या, "माझं वाचून व्हायचंय." आबा बाहेर येऊन मला विचारतात, "तात्या, हिला दुसरं कायतरी वाचाय आणून द्या की. कादंबरी बिदंबरी."

चौथ्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. पानापानात खुणा घातलेल्या.

"तात्या, ह्यो साकव दरसाल सर्वानुमते मंजूर हाय. एवढ्यांदा मंजूर झालेली गोष्ट दिसत कशी न्हाई?"

मी म्हटलं, "वहिनी, देव बी सर्वानुमते मंजूरच हाय."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर परवा सांगत हुते, गौरामावशीची प्रज्ञा यंदाबी पावसात शाळंला आली न्हाई, तर तिला मामाकडं धाडणार म्हणून. पोरगी वर्गात पैली हाय, तात्या. मामाकडं गेली की सालभरात लगीन."

एवढं बोलून परत भाकरी थापायला लागल्या. मग मान न वळवताच म्हणाल्या, "औंदा भोंग्यावर फकस्त पंधरा तारीख पुकारा. तहकुबीचं नाव काढू नगा. आबांनी इचारलं तर काय सांगाल?"

"वय झालं, इसरलो म्हणीन."

"लय झ्याक," म्हणाल्या.

* * *

त्याच आठवड्यात मी मागच्या सभेच्या राहिलेल्या अंगठ्यांसाठी पलीकडं गेलो. ओढ्याला पाणी नव्हतं, पाऊस लांबला होता. मावशी दारात शेंगा फोडत बसलेली. मी पॅड उघडला. तिनं हात पदराखाली घेतला.

"मी आजवर दरसाली अंगठा दिला, व्हय का न्हाई?"

"व्हय."

"साकव आला का?"

"न्हाई."

"मग माझा अंगठा परत द्या."

मी म्हटलं, "मावशी, अंगठा परत कसा देणार? त्यो कागदावर उमटलाय."

"तात्या, दुकानातनं नासकं निघालं तर परत घेत्यात का न्हाई? घेत्यात. तुमची पंचायत काय दुकानाच्या वर गेली व्हय?"

मी भाऊसाहेबांना सांगितलं. ते नियमांचं पुस्तक काढून अर्धा दिवस बसले. संध्याकाळी म्हणाले, "अंगठा घेण्याची तरतूद आहे, तात्या. परत देण्याची कुठंच नाही. वरून मार्गदर्शन मागवावं लागेल."

पत्र खरंच गेलं तालुक्याला. मार्गदर्शन अजून यायचं आहे.

* * *

आता शेवटचा.

पंधरा ऑगस्ट. चार दिवस झड लागलेली, ओढा मांडीच्या वर. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला, आणि पंचायतीपुढच्या पटांगणात मी नेहमीसारख्या सात खुर्च्या आणि एक सतरंजी टाकली. आबा मधल्या खुर्चीत बसले. भाऊसाहेबांनी कालच लिहिलेला कागद समोर ठेवला.

आधी ओढ्याकडनं बायका आल्या. साड्या कंबरेपर्यंत ओल्या, पुढं गौरामावशी. मग गावातल्या बचत गटाच्या बायका. मग, बायका कुठं गेल्या बघायला, त्यांचे नवरे. आबा प्रत्येक माणसागणिक खुर्चीत थोडे थोडे खाली जात होते.

"तात्या, तहकूब न्हाई व्हय पुकारलीसा?"

"इसरलो आबा. वय झालं."

सुभेदार मोठ्यांदा मोजत होते. "अठ्ठ्यानवे, निन्यानवे, सौ." मग आबांकडं बघून म्हणाले, "आबा, सौ हो गये. आनि ह्ये सौ पेंटरचं न्हाई."

आबा भाऊसाहेबांच्या कानाला लागले. "आता काय?"

"आता सभा घ्यावी लागते."

"कशी घेत्यात?"

"मलाही पुस्तकात बघावं लागेल."

तेवढ्यात वहिनी रजिस्टर घेऊन आल्या. खुर्ची रिकामी नव्हती, तर सतरंजीवर मावशीशेजारी बसल्या. सरपंच खाली आणि सरपंचपती वर. मग आबांनाच खुर्ची टोचायला लागली असावी, ते उठून उभे राहिले. पण त्या खुर्चीत कुणीच बसलं नाही.

मावशी म्हणाली, "माझा अंगठा कुठं कुठं हाय ते दावा. मला परत पायजेल."

वहिनींनी पान उघडलं. मावशीनं बोट ठेवलं. "ह्यो माझा. चीर बघा." दुसरं पान. "ह्यो माझा." तिसरं पान. ती थांबली. डोळ्याजवळ नेलं. "ह्यो माझा न्हाई." पुढचं पान. "ह्योबी न्हाई. ह्याला चीर कुठाय?"

मी पॅड घेऊन कडेला उभा होतो. उजवा हात हळूच पाठीमागं नेला. पण शाईचा पॅड जन्मभर धरलेल्या माणसाचा अंगठा कधी स्वच्छ नसतो, आणि मावशी हे जाणून होती.

मी म्हटलं, "मावशी, पावसाळ्यातले माझे हायती. ओढ्याला पाणी असायचं. एकदा पडल्यापासनं भ्या वाटायचं."

आयुष्यात एवढं मोठं भाषण मी केलं नव्हतं.

मावशी रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तात्या, माझ्या जागी अंगठा दिलासा. मग माझ्या जागी ओढ्यातनं कवा जाणार?"

मी पॅडचं झाकण मिटलं. आबांना मात्र वाट सापडली. आवाज चढवून म्हणाले, "हितं खोटं अंगठं निघाल्यात. गंभीर बाब हाय. चौकशी हुईस्तोवर सभा तहकूब."

लोक कुजबुजायला लागले. वहिनी उठल्या.

"हे म्हणत्यात तर तहकूब. पर तहकूब सभा कुठं घ्यायची, ते कोण ठरवतंय, भाऊसाहेब?"

"सरपंच, वहिनी. म्हणजे, तुम्ही."

"मग ती पलीकडं. विहाराच्या ओट्यावर. आत्ता."

भाऊसाहेब घाबरून म्हणाले, "पण तहकूब सभा आठ दिवसांनी असते."

"आठ दिवसांनी पाणी उतरंल," वहिनी म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

सगळी सभा ओढ्यावर आली. बायका रोजच्यासारख्या पदर खोचून उतरल्या. मावशीनं माझ्या हातातला पॅड काढून घेतला आणि पुढं गेली. मग मी उतरलो. पाणी गार होतं, खालचे धोंडे सरकत होते, आणि शाळेला यायचं तर प्रज्ञाला ही वाट दप्तर डोक्यावर घेऊन चालावी लागायची हे मला त्या दिवशी पायांनी कळलं. माझ्यामागं भाऊसाहेब, रजिस्टर डोक्यावर, चष्मा दातात. त्यांच्यामागं सुभेदार, "आगे बढ" म्हणत.

पलीकडं पोचून मागं बघितलं तर अलीकडच्या काठाला एकटे आबा. पांढरी पँट, नवे बूट.

"मला पवाय येत न्हाई," ते ओरडले.

मावशी पॅड उघडून काठावर उभी होती. "आबा, पवायचं न्हाई. नुसतं शाळंला जायचंय."

भाऊसाहेबांनी निथळत रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि वहिनींना अदबीनं विचारलं, "आबांचं काय लिहू? हजर का गैरहजर?"

वहिनी म्हणाल्या, "त्यांनाच इचारा."

आबांनी एकदा मागं गावाकडं बघितलं. मग साहेबांच्या कोनशिलेवर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.